होम थिएटर घेताय? आधी संवाद, मग धमाका

“काय म्हणाला तो?”

रात्रीची जेवणं झाली आणि आमच्या इंदूरच्या घरी टीव्ही लागला की दर पाच मिनिटांनी आजोबांचा हा प्रश्न यायचा. कुणीतरी तो संवाद पुन्हा सांगायचं, तोवर पुढचे दोन निघून जायचे. मग आवाज २५ वरून ४० वर. तेवढ्यात पडद्यावर मारामारी नाहीतर जाहिरात सुरू व्हायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे, हळू करा जरा!” काही दिवसांनी आजोबांनी विचारणंच सोडून दिलं. “तुम्ही बघा, मी पडतो,” असं म्हणून ते नऊ वाजताच खोलीत जाऊ लागले.

मला ते खटकत होतं. गेल्या दिवाळीआधी मी ठरवलं की घरात होम थिएटर आणायचं. पगारातून साठवलेले २५,००० रुपये हाताशी होते. त्यातले ६,००० मी पहिल्याच आठवड्यात वाया घालवले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

सहा डबे, पण आवाज तोच

ऑनलाइन सेलमध्ये मला एक ‘५.१ होम थिएटर’ दिसलं. पाच छोटे स्पीकर, एक मोठा सबवूफर, रंगीत दिवे आणि खोक्यावर १०,००० वॉटचा आकडा. किंमत ६,००० रुपये. मी लगेच ऑर्डर केली.

घरी जोडल्यावर खिडकीच्या काचा थरथरल्या, धाकटा भाऊ खूश झाला. आजोबा मात्र दहा मिनिटांत उठून गेले. संवाद आधीपेक्षाही कमी कळत होते, कारण सबवूफरच्या घुमण्यात माणसांचं बोलणं बुडून जात होतं.

नंतर कारण कळलं. त्या सेटच्या मागे फक्त ऑक्स, यूएसबी आणि ब्लूटूथ होतं. या वाटांनी टीव्हीचा आवाज दोनच चॅनेलमध्ये जातो, डावा आणि उजवा. तोच आवाज तो सेट पाचही डब्यांतून वाजवत होता. म्हणजे खोक्यावर ५.१ लिहिलं असलं तरी आमच्यापर्यंत खरं ५.१ कधी पोहोचलंच नाही. परत करण्याची मुदत संपली होती. आता तो सेट भावाच्या खोलीत गाण्यांसाठी आहे.

टीव्हीत बोलणं ऐकू का येत नाही?

यात फक्त म्हाताऱ्या माणसांच्या कानांचा दोष नसतो. जुने टीव्ही जाडजूड होते, त्यांचे स्पीकर बहुतेक वेळा समोर किंवा बाजूला असायचे. आजचे टीव्ही इतके पातळ आहेत की स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवावे लागतात. आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. शिवाय सिनेमाचा आवाज थिएटरसाठी तयार केलेला असतो. तिथे कुजबुज आणि स्फोट यांत मोठा फरक ठेवतात. घरी त्याचंच रूप म्हणजे कुजबुजीला आवाज वाढवा आणि स्फोटाला कमी करा.

त्यात वयाची भर पडते. वय वाढतं तसं बहुतेकांना आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ अशी व्यंजनं बऱ्याच प्रमाणात याच पट्टीवर चालतात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अशा वेळी नुसता आवाज वाढवून उपयोग होत नाही, तो स्वच्छ असावा लागतो.

म्हणून बजेट कमी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पहिला पैसा संवाद स्वच्छ ऐकू येण्यासाठी खर्च करा. धमाका नंतरही आणता येतो.

आकड्यांचा अर्थ समजून घ्या

दुकानात २.१, ३.१, ५.१ हे आकडे सतत कानावर पडतात. पहिला आकडा म्हणजे मुख्य स्पीकर किती आणि नंतरचा १ म्हणजे एक सबवूफर.

२.१ : समोर डावा आणि उजवा स्पीकर, सोबत सबवूफर. संवाद दोन्हीकडून सारखा येतो, त्यामुळे बरोबर मध्ये बसलेल्याला तो पडद्यातून आल्यासारखा वाटतो. कडेला बसलेल्याला तेवढा नाही.

३.१ : यात मधला, म्हणजे सेंटर स्पीकर वाढतो. ५.१ मध्ये तयार केलेल्या सिनेमात बहुतेक संवाद याच स्पीकरकडे पाठवलेले असतात. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजीलाही बोलणं पडद्यातूनच ऐकू येतं.

५.१ : समोरचे तीन आणि बाजूला किंवा थोडे मागे आणखी दोन. पाऊस, गर्दी, मैदानातला गोंगाट असे आवाज या दोन स्पीकरमधून येतात.

५.१.२ : शेवटचा २ म्हणजे वरून येणाऱ्या आवाजासाठीचे दोन स्पीकर. डॉल्बी अ‍ॅटमॉसच्या जाहिरातीत हेच असतं. छान असतं, पण कमी बजेटमध्ये आधी समोरचे तीन चांगले असू द्या.

स्वस्त ५.१ आणि चांगलं ३.१ एकाच किमतीत मिळत असेल, तर आईबाबा आणि आजीआजोबांसोबत टीव्ही बघणाऱ्या घराने बिनधास्त ३.१ घ्यावं.

वॉटच्या जाळ्यात अडकू नका

खोक्यावरचा १०,००० वॉटचा आकडा बहुधा पीएमपीओ असतो. तो मोजायची एक ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे तो हवा तेवढा फुगवता येतो. तुम्ही आरएमएस वॉट विचारा. स्पीकर सलग किती शक्तीवर चालू शकतो, याचा अंदाज त्यातून येतो.

आरएमएसचा आकडाही एकटा पुरेसा नाही. ५० वॉटचे १०० वॉट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. १० बाय १३ फुटांच्या हॉलमध्ये नेहमीच्या आवाजात टीव्ही बघताना स्पीकर थोडेच वॉट वापरत असतो.

सुटे स्पीकर घेत असाल तर त्यांची सेन्सिटिव्हिटी बघा. एकाची ८५ डेसिबल आणि दुसऱ्याची ८८ असेल, तर दुसरा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत देतो. ओमही तपासा. ४ ओमचा स्पीकर ज्या रिसीव्हरला चालत नाही, त्याला जोडला तर रिसीव्हर तापू शकतो.

डबा फिरवून मागची बाजू बघा

माझे ६,००० रुपये वाचले असते ते इथेच. घेण्याआधी तुमचा टीव्ही आणि नवा सेट या दोन्हींच्या मागची बाजू बघा.

एचडीएमआय एआरसी किंवा ईएआरसी : ही पहिली पसंती. टीव्हीच्या एखाद्या एचडीएमआय पोर्टजवळ ही अक्षरं लिहिलेली असतात. एकाच केबलमधून टीव्हीचा आवाज सेटकडे जातो, ५.१ सुद्धा. शिवाय टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. घरातल्या मोठ्यांना दोन रिमोट सांभाळावे लागत नाहीत, हा फायदा छोटा नाही.

ऑप्टिकल : टीव्हीवर एआरसी नसेल तर हा मार्ग. यातूनही डॉल्बी डिजिटल ५.१ जातं. आवाजासाठी मात्र बहुधा वेगळा रिमोट लागतो.

ऑक्स आणि ब्लूटूथ : गाण्यांसाठी ठीक. सिनेमासाठी घेतलेल्या ५.१ सेटला एवढंच असेल, तर तो सेट घेऊ नका.

आधी खोली, मग स्पीकर

हॉल मोजा. टीव्हीपासून सोफा किती लांब आहे? सोफा मागच्या भिंतीला चिकटून आहे का? मागे जागाच नसेल तर सराउंड स्पीकर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा एकदोन फूट उंच लावता येतात. ७.१ चा विचार अशा खोलीत सोडूनच द्या.

आपल्याकडच्या घरांत सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत टाइल्स असतात. टाळी वाजवून बघा. आवाज झणझणत राहिला तर महागडा स्पीकरही तिथे गढूळ वाजेल. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी बराच फरक पडतो. आईने लग्नातली जुनी सतरंजी काढून टीव्हीसमोर अंथरली आणि एकही रुपया न खर्चता बोलणं थोडं स्पष्ट झालं.

तुमच्या बजेटमध्ये काय बसेल?

किमती सेलप्रमाणे बदलतात. तरी सध्याचा साधारण अंदाज असा :

८,००० रुपयांपर्यंत : एआरसी किंवा ऑप्टिकल असलेला २.० किंवा २.१ साउंडबार. या किमतीत ५.१ च्या मागे लागू नका. टीव्हीच्या स्पीकरपेक्षा संवाद नक्कीच सुधारतात, कारण आवाज थेट तुमच्या दिशेने येतो.

१०,००० ते २०,००० रुपये : मध्यमवर्गीय घरासाठी हा सगळ्यात कामाचा पट्टा. स्वतंत्र सेंटर चॅनेल असलेले ३.१ साउंडबार किंवा तारेने जोडायच्या दोन मागच्या स्पीकरसह ५.१ साउंडबार सेट यात मिळतात. माहितीपत्रकात ‘सेंटर’ हा शब्द शोधा. नसेल तर विक्रेत्याला सरळ विचारा.

४०,००० च्या पुढे : वेगळा एव्ही रिसीव्हर आणि सुटे स्पीकर. सगळं एकदम घ्यायची गरज नाही. आधी रिसीव्हर आणि समोरचे दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर घ्या, मग सेंटर, नंतर सबवूफर आणि शेवटी सराउंड. सेंटर शक्यतो समोरच्या दोघांच्याच कंपनीचा आणि मालिकेचा असावा. नाहीतर पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेलं की त्याचा आवाजच बदलल्यासारखा वाटतो. या मार्गात एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

जुना माल घ्यायचा असेल तर स्पीकरची जाळी काढून कोनच्या कडेचा फोम किंवा रबर तपासा. तो भुगा होत असेल तर नको. रिसीव्हरला एचडीएमआय आणि एआरसी आहे का, तेही बघा.

दुकानात जाल तेव्हा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचं लजपतराय मार्केट, अशा बाजारात फिरायला मजा येते. ऑनलाइन किंमत बघून ठेवा, पण शक्य असेल तर कानाने ऐकूनच घ्या. दुसऱ्या वेळी मी तेच केलं आणि आजोबांना सोबत नेलं. पैसे मी देणार होते, पण ऐकायचं त्यांना होतं.

विक्रेत्याने सवयीने स्फोटांची क्लिप लावली. सगळ्याच स्पीकरवर स्फोट चांगले वाटतात. मी त्याला मराठी बातम्या लावायला सांगितल्या. मग एक जुनं गाणं आणि शेवटी गर्दीत दोन माणसं बोलतायत असा प्रसंग. तुम्हीही असंच करा :

आवाज कमी ठेवून ऐका. रात्री घरी तुम्ही तेवढ्याच आवाजात बघणार आहात.

डोळे मिटा आणि प्रत्येक शब्द कळतो का ते पाहा. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर तेही चांगलं नाही.

मध्ये बसून ऐका, मग कडेला बसून ऐका.

दोन सेटची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो जास्त मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो आणि तिथे फसगत होते.

निघताना पक्कं बिल घ्या आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का ते विचारा. छोट्या शहरांत हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

आजोबांनी तीन सेट ऐकले. सगळ्यात महागडा त्यांनी नाकारला. “हा नुसता गरजतो,” म्हणाले. १७,००० रुपयांच्या ५.१ साउंडबार सेटसमोर मात्र ते बातम्या संपेपर्यंत बसले. तोच घेतला.

घरी आणल्यावर खरं काम सुरू होतं

चांगला सेट चुकीचा लावला तर पैसे फुकट जातात. एक रविवार यासाठी ठेवा.

साउंडबार किंवा सेंटर टीव्हीच्या खाली, टेबलाच्या पुढच्या कडेला आणा. कपाटाच्या खणात आत ढकलू नका. तो बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फार खाली असेल तर पुढून किंचित उचलून तोंड कानाकडे करा. रबराचा छोटा तुकडाही पुरतो.

सुटे स्पीकर असतील तर डाव्या-उजव्यातलं अंतर आणि तुमच्यापासून त्यांचं अंतर साधारण सारखं ठेवा. तुम्ही आणि ते दोघं मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा.

सबवूफर कोपऱ्यात कोंबला की घुमतो. सोपी युक्ती अशी : तो थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ढोल किंवा बास असलेलं गाणं लावा आणि खाली वाकून खोलीत फिरा. जिथे ठोका एकसारखा आणि नेमका ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील, हसू दे.

मागच्या स्पीकरच्या तारा पायात येऊ देऊ नका. इलेक्ट्रिशियनकडून भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी लावून घ्या. घरात लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर यात कंजूषी नको.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. टीव्हीचे स्पीकर बंद करून आवाज एचडीएमआय एआरसीवर द्या. एचडीएमआय सीईसी चालू करा, म्हणजे एकाच रिमोटवर काम होईल. डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर असेल तर ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’ करा. एआरसीवर पीसीएम ठेवलं की आवाज दोनच चॅनेलचा होतो. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर एव्ही सिंकने जुळवा.

बातम्या आणि मालिका बहुतेक वेळा दोनच चॅनेलमध्ये येतात. त्यांच्यासाठी सेटवर ‘व्हॉइस’, ‘न्यूज’ किंवा ‘डायलॉग’ मोड असतो, तो लावा. रात्री ‘नाइट मोड’ लावा. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू आवाज वर येतात.

शेजारी आणि कान, दोघांनाही जपा

सबवूफरचा खोल आवाज भिंती आणि स्लॅबमधून शेजारच्या घरात सहज जातो. त्याच्याखाली रबरी पॅड ठेवा आणि रात्री तो कमी करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. नियम बाजूला ठेवला तरी वरच्या मजल्यावर कुणाची परीक्षा असते, कुणाचं बाळ झोपलेलं असतं.

कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित प्रमाण सांगितलं आहे. मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, लहानांसाठी ७५ डेसिबल ४० तास. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपने ढोबळ अंदाज येतो.

आणखी एक, मनापासून सांगते. घरात कुणी सतत “काय म्हणाला?” विचारत असेल, तर स्पीकरच्या आधी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या. आम्ही ती उशिरा केली. आजोबांना उंच पट्टीचे आवाज खरोखरच कमी ऐकू येत होते, आणि आम्ही त्यांना “लक्ष कुठे असतं तुमचं?” म्हणत होतो. स्पीकरने टीव्ही सोपा होतो. पण फोनवर बोलणं, दारावरची बेल, रस्त्यावरचा हॉर्न यासाठी डॉक्टरच लागतात.

आता आमच्याकडे

सेट लागला त्या रविवारी आजोबांनी स्वतः सिनेमा निवडला, ‘सामना’. स्फोट नाहीत, गाड्यांच्या शर्यती नाहीत. आहेत ते निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू, आणि त्यांचं बोलणं. जुन्या सिनेमाचा आवाज एकाच चॅनेलचा, तो डायलॉग मोडमध्ये पडद्याच्या बरोबर मधून येत होता. भाऊ आधी कुरकुरला, मग तोही बसला. आई भांडी तशीच टाकून आली.

मध्येच मला वाटलं, आजोबांना कमी ऐकू येत असेल. मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

“अगं, हळू कर जरा,” आजोबा म्हणाले. “ऐकू येतंय मला.”